लोकर घेताना

थंडीची चाहूल लागली की विणकामाच्या सुया बाहेर निघतात आणि पावलं लोकरीच्या दुकानाकडे वळतात. पुण्याची तुळशीबाग असो की आपल्या पेठेतलं चिमुकलं दुकान, गुंडा हातात घेतल्यावर आधी लेबल वाचा. रंगाच्या क्रमांकाजवळच लॉट नंबर छापलेला असतो. रंग तोच, पण लॉट वेगळा असेल, तर छटेत किंचित फरक पडतो. दुकानातल्या दिव्याखाली तो कळत नाही; उन्हात मात्र स्वेटरची बाही आणि पाठ वेगवेगळी दिसते. म्हणून सगळे गुंडे एकदमच, एकाच लॉटचे घ्या. उरलेले परत घ्याल का, हेही आधीच विचारा.

सुयांचं गणित उलटं आहे. जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, १२ नंबर म्हणजे पावणेतीन.

आणि ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतो. धुवायला तो सोपा, पण अस्सल लोकरीची ऊब वेगळीच. शंका आली तर दुकानदाराला मोकळेपणाने विचारा. वर्षानुवर्षं धागा हाताळणाऱ्या या माणसांकडून शिकण्यासारखं खूप असतं.