धम्मसाधना आणि सामाजिक न्याय



बौद्ध साधना व्यक्तीच्या चित्तापुरती आणि सामाजिक न्याय कायद्यापुरता किंवा चळवळीपुरता, अशी जी विभागणी अभ्यासकांच्या लेखनात रूढ झाली आहे, तिचा फेरविचार करणे हे या संमेलनाचे पहिले कर्तव्य आहे. प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून निर्माण होते आणि कारणे नाहीशी झाली की तीही उरत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त ज्याने मनापासून स्वीकारला, त्याला दारिद्र्य किंवा अस्पृश्यता हे कुणाचे प्राक्तन मानता येत नाही. त्या दुःखाची कारणे शोधून ती दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही जबाबदारी सिद्धार्थाच्या गृहत्यागापासूनच सुरू होते. वृद्ध, रोगी आणि मृतदेह पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि तिच्या जागी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा, अशी सूचना सिद्धार्थाने केली. ती बहुमताने फेटाळली गेली. सैन्यात जाण्यास त्याने नकार दिल्यावर देहान्त किंवा हद्दपारी, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती, एवढेच पर्याय त्याच्यासमोर राहिले, आणि कुटुंबाला झळ लागू नये म्हणून त्याने परिव्रज्या, म्हणजे घरादाराचा त्याग, पत्करली. पुढे तंटा मिटल्याचे कळूनही तो परतला नाही, कारण राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध प्रसंगोपात्त असते, पण वर्गावर्गांतील संघर्ष अखंड चालतो आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, हे त्याच्या ध्यानी आले. बोधीचा शोध येथे सामाजिक प्रश्नातून जन्मतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची रचनाही हेच सांगते. सर्व माणसे समान आहेत असे मानणे आणि समता प्रस्थापित करण्यासाठी झटणे, या प्रतिज्ञांना लागूनच अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता म्हणजे सद्गुणांची परिपूर्ती, प्राणिमात्रांविषयी दया आणि पंचशीलाचे नियम येतात. मद्य न पिण्याचा निर्धार आणि समतेचा निर्धार एकाच मुखाने, एकाच वेळी उच्चारला गेला, म्हणूनच दीक्षा घेणाऱ्याच्या घरातला व्यवहार आणि गावातला हक्काचा लढा यांचा एकमेकांशी संबंध जुळला.

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. कंबोडियात 1975 ते 1979 या ख्मेर रूज राजवटीत विहार ओस पडले, भिक्खूंना बळाने चीवर उतरवायला लावले गेले आणि असंख्य भिक्खू मृत्युमुखी पडले. बिहारमधील नालंदा येथे अध्ययन केलेले भदन्त महाघोसानंद यांनी 1992 साली, थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून निर्वासित परतत असताना, त्यांच्यासोबत नॉम पेन्हपर्यंत पायी धम्मयात्रा काढली. सुरुंग पेरलेल्या मुलखातून निघणाऱ्या या यात्रा पुढील वर्षांतही चालू राहिल्या; 1994 साली दोन यात्रेकरू गोळीबारात बळी पडले, तरी त्या थांबल्या नाहीत. मैत्री, म्हणजे शत्रूच्याही कल्याणाची इच्छा, ही भावना तिथे आसनावरून उठून रस्त्यावर आली.

साधनेविना केलेला संघर्ष द्वेषाच्या आहारी जाऊ शकतो आणि संघर्षाकडे पाठ फिरवणारी साधना अन्यायाला मूक संमती देते. म्हणून धम्माच्या अभ्यासकांनी आणि साहित्यिकांनी वस्त्यावस्त्यांतील विहारांत काय घडते, याचे दस्तऐवज मराठीत सिद्ध करावेत: तिथे कोणत्या तंट्याचा निवाडा झाला, व्यसन सुटलेल्या घरातली मुलगी कुठवर शिकली, अत्याचाराविरुद्ध कोण साक्षीला उभे राहिले. अशा नोंदींतून धम्माचे नवे तत्त्वचिंतन उभे राहील, आणि ते ग्रंथालयात जितके वाचले जाईल तितकेच गावच्या पंचायतीत व न्यायालयाच्या आवारातही उपयोगी पडेल, असा विश्वास हे संमेलन बाळगते. जय भीम! नमो बुद्धाय!