टाकीतला मका



इथेनॉल म्हटले की महाराष्ट्रातील श्रोत्यास साखर कारखाना आणि उसाची मळी आठवते. अमेरिकेत मात्र ते मुख्यत्वे मक्यापासून तयार होते. आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का या राज्यांतून मक्याची शेते क्षितिजापर्यंत पसरलेली आहेत. त्या देशातील सुमारे ४० टक्के मका आज इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. त्यातील जवळपास तिसरा हिस्सा चोथ्याच्या रूपाने पशुखाद्य म्हणून परत येतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. उरलेला मोटारींतून जळतो.

या धोरणाचा पाया २००५ च्या ऊर्जा कायद्याने घातला आणि २००७ च्या कायद्याने त्याचा विस्तार केला. परदेशी तेलावरील परावलंबन घटावे, हवा शुद्ध राहावी, शेतकऱ्यास भाव मिळावा, हे हेतू निःसंशय चांगले होते. मक्याच्या इथेनॉलला वर्षाकाठी १५०० कोटी गॅलनची मर्यादा होती. त्यापुढचे जैवइंधन मुख्यतः गवत, धाटे, लाकडाचा भुसा यांपासून यावयाचे होते. ते फारसे आलेच नाही. भार मक्यावर राहिला आणि आता १० टक्क्यांचे मिश्रण १५ टक्के करावे, असा आग्रह आहे. उन्हाळ्यात या मिश्रणाच्या वाफांमुळे हवा अधिक दूषित होते, म्हणून त्याच्या विक्रीवर निर्बंध होता. तथापि २०२२ ते २०२५ या चारही उन्हाळ्यांत तातडीची सूट देण्यात आली.

थोडा व्यापारी हिशेब मांडून पाहू. २५ किलो मक्यापासून साधारण साडेदहा लिटर इथेनॉल निघते. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत १० टक्के मिश्रण असेल, तर १२ किलो मका लागला. १५ टक्के असेल, तर १८ किलो. इतके धान्य देऊनही इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमीच असते. पंपावर भाव स्वस्त दिसतो, परंतु गाडी तितके अंतर धावत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. दुचाकी, नौका आणि लहान यंत्रे यांत १५ टक्क्यांचे मिश्रण वापरण्यास तेथे परवानगीच नाही.

खरा वाद आहे तो हवामानाचा. मक्याचे रोप हवेतील कर्बवायू शोषते, म्हणून हे इंधन निर्दोष, असा युक्तिवाद केला जातो. परंतु मका महागला की नवी जमीन नांगराखाली येते आणि मातीत शतकानुशतके साठलेला कर्ब हवेत जातो. टिमोथी सर्चिंजर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा मुद्दा प्रथम ठळकपणे मांडला. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की, या कायद्याने मक्याचे भाव सुमारे ३० टक्क्यांनी वाढविले आणि मक्याचे इथेनॉल पेट्रोलहून कमी प्रदूषक नाही. बहुधा २४ टक्के अधिकच आहे. अमेरिकी कृषी खात्याने २०१९ मध्ये नेमके उलटे, ३९ टक्के कमी उत्सर्जनाचे अनुमान काढले होते. अंतर इतके पडते ते प्रामुख्याने जमिनीच्या हिशेबामुळे. ज्याने माळरान वगळले, त्याचा ताळेबंद अर्थातच सुंदर दिसतो! त्या गवतातील पक्षी, कीटक आणि असंख्य सूक्ष्म जीव तर कोणत्याच वहीत नोंदलेले नाहीत.

मक्याला नत्रखत भरपूर लागते. ते पावसाबरोबर मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात पोहोचते, शेवाळ माजते आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा विस्तीर्ण पट्टा प्राणवायूविना जलचरांस राहण्याजोगा उरत नाही.

अन्नाचे काय? जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको सिटीत हजारो लोक टॉर्टिया या मक्याच्या भाकरीच्या महागाईविरुद्ध रस्त्यावर आले. साठेबाजी हेही त्यामागचे एक कारण होते. पण अमेरिकेत इथेनॉलसाठी वाढलेली मक्याची मागणी हे दुसरे.

हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले आणि त्यात उसाच्या जोडीला मक्याचा वाटा मोठा आहे. एरवी मका निर्यात करणाऱ्या या देशास २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेन येथून तो मोठ्या प्रमाणावर आणावा लागला.