रक्तातच चोरी असते का? (भागाचं लिखित रूप)

आज विषय थेट नांदूरघाटवरून आलाय. एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली. दसऱ्यानंतर त्याच्या शेजारचं कुटुंब ऊसतोडीला गेलं, बंद घराचं कुलूप तुटलं, आणि दुसऱ्या दिवशी लोक सरळ माळावरच्या पारध्यांच्या पालांकडे गेले. तिथं त्याचा शाळेतला मित्र राहतो. वाडीतले एक आजोबा म्हणाले, "त्यांच्या रक्तातच आहे ते." आणि या पोरानं मला विचारलं, "दादा, सायन्स काय म्हणतं?"

सायन्सकडे येतोच. पण आधी हे वाक्य आलं कुठून ते बघू, कारण ते आजोबांचं नाहीच. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. तेव्हा मांडलेला युक्तिवाद असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचाही चोरच होणार. जीन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. म्हणजे हे विज्ञान नव्हतंच. साहेबानं आपल्याच जातीव्यवस्थेकडे बघून केलेला हिशोब होता तो. आधी कायदा उत्तरेत लागू झाला, 1911 च्या नव्या कायद्यानं मुंबई इलाखाही आत आला. नोंद झालेल्या जमातीत जन्म झाला की संशयित. हजेरी, बाहेर जायला पास. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. आपलं बीड निजामाकडे होतं हे खरं, पण अशी समजूत राज्याच्या हद्दीवर थोडीच थांबते?

यात एक गंमत बघा. 1897 च्या दुरुस्तीत मुलांना आईबापांपासून काढून वेगळं ठेवायची सोय केली. का, तर मुलं सुधारतील म्हणून. अरे, रक्तातच आहे तर वेगळं ठेवून काय होणार? आणि वेगळं ठेवून सुधारत असतील तर रक्तात काय आहे? दोन्ही एकाच कायद्यात.

आता जनुकांकडे. 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही पुरुषांमध्ये एमएओए नावाचं जनुक पूर्ण बंद पडलेलं होतं आणि ते एकदम हिंसक व्हायचे. पेपरवाल्यांनी त्याला 'वॉरियर जीन' करून टाकलं. पण जनुक असं पूर्ण बंद पडणं अतिशय दुर्मिळ. त्याचं नुसतं कमी काम करणारं रूप मात्र युरोपातल्या सुमारे एक तृतीयांश पुरुषांत सापडतं. तेवढे सगळे काय दरोडे घालतात? 2002 मध्ये न्यूझीलंडच्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं, की हे रूप असलेल्या पण लहानपणी मारझोड झालेल्या मुलांमध्ये पुढे हिंसेचं प्रमाण जास्त होतं. घरात नीट वागवलेल्या मुलांत तसं नव्हतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तेही सारखं दिसलं नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांतून स्वभावावर अनुवंशाचा परिणाम दिसतो, हे मी नाकारत नाही. राग, उतावळेपणा, धोका पत्करणं यांत शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. पण घरफोडीचं जनुक नसतं, कारण घरफोडी ठरते कायद्यानं. आणि जमात तर अजिबात ठरत नाही त्यावरून. उतावळी माणसं पालात असतात, तशी वाड्यातही असतात. वाड्यातल्याला आपण 'जरा तापट आहे' म्हणतो, एवढंच.

एक आकडा सांगतो. भारतातल्या तुरुंगांत सुमारे 96 टक्के कैदी पुरुष आहेत. गुन्ह्याशी इतका ठळक जोडलेला जन्मजात फरक दुसरा मला माहीत नाही. मग गावात चोरी झाली की आधी सगळ्या पुरुषांना चावडीवर बसवायचं का? आजोबांपासून सुरुवात करू.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि तुरुंगांच्या नियमांत जुनी भाषा तशीच राहिली. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातले जातीवर आधारित नियम रद्द केले, तेव्हा विमुक्तांवर जन्मानं शिक्का मारणं चुकीचं आहे हेही सांगितलं. बहात्तर वर्षं लागली, बघा.

व्हॉइस नोटच्या शेवटी त्या पोरानं अजून एक गोष्ट सांगितली. त्याचा मित्र पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळतो. चोरी झाली तेव्हापासून तो उजाडल्यावरच पळायला निघतो. अंधारात पळताना कुणी बघितलं तर काय सांगणार?