गटाच्या पैशाचा हिशेब : घोड्यांच्या गावातले सहा आठवडे

गेल्या वर्षी माझ्या आईच्या बचत गटानं मला तीस हजार रुपये कर्ज दिलं होतं. शेकडा दोन व्याजानं, बारा हप्त्यांत. कर्जाच्या वहीत कारण लिहिलं होतं, "मुलीचा परदेशी प्रवास, घोडे पाहण्यासाठी." त्यावर बैठकीत एक काकू म्हणाल्या होत्या, "घोडे पाहायले इतके दूर कायले जाते व पोरी? माळेगावच्या जत्रेत चाल, फुकटात दाखवतो." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पैसे मिळाले. म्हणून आज हिशेब द्यायला बसले आहे. पैशाचा हिशेब वहीत आहेच. हा दुसरा.

मी घाटंजी तालुक्यातली. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. हे कॉलेज 1958 सालचं. शिकताना गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री भरपूर पाहिली. घोडे फार थोडे. आपल्याकडे घोडा म्हणजे वरातीची घोडी, नाहीतर मेंढरांच्या कळपामागून सामान वाहणारं तट्टू. त्यांचं पोट दुखलं तर त्यातलं नेमकं कळणारा डॉक्टर जवळपास सापडत नाही. मला ते शिकायचं होतं. पत्रं पाठवली, बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. शेवटी इंग्लंडमधल्या एका घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं, ये, सहा आठवडे माझ्यासोबत फिर.

गावाचं नाव न्यूमार्केट. लंडनहून केंब्रिजमार्गे आगगाडीनं जाता येतं. शर्यतीच्या घोड्यांचं हे गाव, चारशे वर्षांपूर्वीच्या राजांपासूनचं. गावात तीन हजारांच्या आसपास शर्यतीचे घोडे. पहाटे त्यांच्या रांगा रस्ता ओलांडून माळावर पळायला जातात आणि मोटारी थांबून राहतात. रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नलचं बटन दोन उंचीवर बसवलेलं, एक पायी माणसासाठी, दुसरं घोड्यावर बसलेल्याच्या हाताशी. मला पहिल्या दिवशी याचंच सर्वांत नवल वाटलं. आपल्याकडे बसथांब्यावर बाईला टेकायला जागा नसते.

आणखी एक. तिथं प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो. खरा, पुस्तकाचा, त्यात टोचलेल्या लसी लिहिलेल्या. शिवाय मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. माझा पासपोर्ट निघायला किती खेटे पडले ते आईला माहीत आहे, आणि तिथं दुधपित्या शिंगराचंही पुस्तक तयार होतं!

पण आधी एक अट सांगते. तिथल्या 1966 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच जनावरावर उपचार करायचे. माझी नोंदणी इथली, तिथली नाही. म्हणजे सहा आठवडे फक्त पाहायचं. सुई धरायची नाही, हात घालायचा नाही. इथं मी रात्री कंदिलाच्या उजेडात अडलेल्या गाई सोडवल्या होत्या, आणि तिथं पाहुण्यासारखी हात मागे बांधून उभी. पहिला आठवडा फार जड गेला. मग लक्षात आलं की हात रिकामे असले की डोळे जास्त काम करतात. बाई घोड्याजवळ जाताना कोणत्या बाजूनं जाते, आधी खांद्यावर हात ठेवते, मागून कधीच जात नाही, बोलत राहते. हे पुस्तकात वाचलं होतं. दिसलं तिथंच.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात रात्री एका घोडीला पोटशूळ उठला. ती पायानं जमीन उकरत होती, वळून आपल्याच कुशीकडे पाहत होती, घामानं निथळत होती. घोड्याचं एक वैगुण्य आहे. त्याला ओकता येत नाही. बैलाच्या पोटात शंभर लिटरहून जास्त मावतं, घोड्याचं जठर दहा-पंधरा लिटरचं. मागे आतडं अडलं की पाणी उलटं येऊन जठर फुगतं, आणि बाहेर पडायला वाट नसल्यानं फाटूही शकतं. बाईनं आधी छातीचे ठोके मोजले. धडधाकट घोड्याचे मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात, तिचे साठच्या पुढे होते. मग हिरडीवर बोट दाबून सोडलं. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा.

मग तिनं एक लांब मऊ नळी घोडीच्या नाकपुडीतून हळूहळू आत सरकवली. घोडीनं गिळल्यावरच पुढे. आणि पुढे ढकलण्याआधी तिनं मला जवळ बोलावून मानेच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं. कातडीखालून नळी सरकताना दिसत होती. म्हणजे ती अन्ननलिकेत आहे, श्वासनळीत नाही. त्यानंतर नळीत तोंडानं हवा ओढून पाहिली. नळी अन्ननलिकेत असली की हवा ओढताना अडते, श्वासनळीत असली की मोकळी येते. एवढी खात्री झाल्यावरच तिनं जठरातलं साचलेलं पाणी बाहेर काढलं. औषधाचा एक थेंबही त्याआधी नाही.

मी तिथं उभी होते आणि मला आमचा ढवळ्या दिसत होता. मी सातवीत होते. पोळा पंधरा दिवसांवर आलेला. ढवळ्याचं पोट फुगलं. चार माणसांनी त्याचं तोंड वर धरलं, जीभ बाहेर ओढली आणि बाबांनी बांबूच्या नळीनं तेल पाजलं. तो जोरात खोकला. सगळे म्हणाले, लागू पडलं. पोट उतरलंही. पण दुसऱ्या दिवसापासून धाप, नाकातून घाण, आणि चौथ्या दिवशी गेला. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात एकच बैल होता. घरात सगळ्यांनी नजरेला दोष दिला.

नजर लागली नव्हती. तेल फुप्फुसात गेलं होतं. तोंड वर करून जीभ ओढून धरली की जनावराला गिळता येत नाही, आणि पाजलेलं सरळ श्वासनळीत उतरतं. कॉलेजात हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण ढवळ्याशी जोडलं नव्हतं. त्या रात्री जोडलं गेलं. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आज रेडिओवर सांगते आहे, तेव्हा ते ऐकतील. बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, मी तर नळी धुऊन आणून दिली होती.

बायांनो, तुमच्या कोठ्यात ती बांबूची नळी आढ्याला खोचलेली असेल. पाजायचंच झालं तर तोंड पाठीच्या रेषेवर ठेवा, त्याहून वर नको. जीभ मोकळी ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्या, आणि खोकलं की ताबडतोब थांबा. घोड्याला तर मुळीच पाजू नका. आणि 1962 हा फोन पाठ असू द्या, जनावरांच्या डॉक्टरसाठीचा आहे, पैसे लागत नाहीत.

त्या घोडीचं आतडं पिळवटलं होतं. ऑपरेशनला हजारो पौंड लागतात. तिचा विमा होता, ऑपरेशन झालं, वाचली. मी मात्र रात्रभर रुपयांत हिशेब करत होते. तेवढ्यात आपल्याकडच्या कितीतरी बैलजोड्या येतील. मला राग आला, हे खोटं कशाला सांगू. पण त्या घोडीवर नाही. तीही पोटच धरून होती.

न्यूमार्केटला मार्च म्हणजे शिंगरं जन्मण्याचे दिवस. घोडीला अकरा महिन्यांचे दिवस असतात आणि बहुतेक घोड्या रात्रीच वितात. तिथला एक नियम सोपा आहे, एक-दोन-तीन. शिंगरू एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आईला प्यालं पाहिजे, आणि घोडीची वार तीन तासांत पडली पाहिजे. तीन तासांवर गेलं की डॉक्टरला फोन. गाईचं वेगळं, तिला बारा तासांपर्यंत वाट पाहतात. पण ओढायची कुणाचीच नाही, वारेला दगड बांधायचा नाही.

शिंगरू प्यालं की नाही याचा तिथं इतका आग्रह, की दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त तपासून पाहतात. कारण चीक. शिंगरू, वासरू, करडू, ही पिलं आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाहीत. ती ताकद चिकात असते. पहिल्या काही तासांत आतडं ती शोषतं, पुढे तासागणिक दार मिटत जातं, आणि दिवसभरात बंद. मग कितीही दूध पाजा. तिथले लोक चांगल्या घोडीचा चीक गोठवून ठेवतात, कुणा आईला आला नाही तर पाजायला. आणि आपण? वार पडेपर्यंत वासराला लावत नाही, आणि चिकाचा खरवस करून शेजारी वाटतो.

तिथल्या बायांबद्दलही सांगायचं आहे. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला एलीन कस्ट यांची गोष्ट सांगितली. आयर्लंडच्या, जन्म 1868 चा. एडिंबराला पशुवैद्यकाचं शिक्षण 1900 साली पुरं केलं, पण बाई म्हणून शेवटच्या परीक्षेलाच बसू दिलं नाही. पदवी नाही तरी आयर्लंडच्या खेड्यांत घोडे-गुरं तपासत राहिल्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी घोड्यांजवळ काम केलं. 1919 ला कायदा बदलला आणि 1922 साली त्यांच्या हातात कागद आला. बावीस वर्षांनी. मी त्यांना आपल्या आनंदीबाई जोशींबद्दल सांगितलं, 1883 मध्ये बोटीनं अमेरिकेला गेलेली आणि 1886 मध्ये डॉक्टर झालेली. त्याच 1886 साली मुंबईत परळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज निघालं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी आनंदीबाईंचं नाव लिहून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, इथली परीक्षा दे, नोंदणी कर, काम मिळेल. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "तुझ्या मनावर आहे. पण सांगून ठेवते, हप्ता पाच तारखेचा आहे." परीक्षेचा विचार अजून सोडलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. सध्या इथं आहे.

परत आल्यावर महिन्याभरात पांढरकवड्याकडून फोन आला. वरातीची घोडी. लग्नातल्या उरलेल्या पोळ्या आणि बुंदी कुणीतरी मायेनं घमेलंभर खाऊ घातली होती. मालक कामावर गेलेला, त्याची बायको एकटी दोर धरून उभी आणि शेजारी तेलाची बाटली घेऊन तयार. बाटली आधी बाजूला ठेवायला लावली. ठोके मोजले, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, नळी घातली. मानेच्या डाव्या बाजूला बोट ठेवून त्या बाईलाही दाखवलं. आंबलेलं पाणी बादलीभर निघालं. पहाटे घोडीनं लीद टाकली, आणि त्या बाईनं त्या लिदीला हात जोडले. मीही जोडले.

राहिली घरची गोष्ट. गेल्या महिन्यात आमची गाय व्याली, रात्री अकराला. मी वासरू पुसून सडाला लावायला गेले तर आजी काठी आडवी करून दारात. "आधी वार पडू दे, मंग पाज त्याले." मी सांगून पाहिलं. वासरू ओढायला लागलं की गाईची पिशवी आवळते, वार लवकरच पडते. आजी म्हणाली, "तुझे घोडे तुझ्यापाशी ठेव." शेवटी आईनं मध्ये पडून आजीला चहा करून दिला, आणि तेवढ्यात मी वासराला लावलं. ते ढुशा देत पोटभर प्यालं. आजी रात्रभर खाटेवर बसून होती, गाईकडे पाहत, काही न बोलता. अडीच वाजता वार पडली. आजीनं ती स्वतः उचलून उकिरड्याजवळ खोल पुरली, हात धुतले आणि मला विचारलं, "खरवसापुरता काही उरला का?"

उरला होता. कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत, पाच तारखेला देतेच.