शुश्रूषेचे मोल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत परिचर्या विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी नव्या इमारतीविषयी आणि नव्या यंत्रसामग्रीविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. यंदा परिचर्या विभागाला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही सर्व परिचारिका आपल्या ऋणी आहोत. मात्र ही संधी केवळ आभारप्रदर्शनात खर्च करू नये, तर आमच्याकडून घडलेली एक चूक आणि तिच्यातून आम्ही घेतलेला धडा आपल्यासमोर मांडावा, असे आम्ही ठरविले आहे.

काही वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडलेले एक वयोवृद्ध शेतकरी आपल्या पुरुष कक्षात दाखल झाले. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. घरच्या मंडळींनी पेढेही वाटले. पुढे काही दिवसांनी अंग पुसताना त्यांच्या माकडहाडावर जखम आढळली. ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची जखम होती. त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले, "ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग ही जखम कुठून आली, सिस्टर?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. जखम चिघळली, मुक्काम लांबला, आणि काठी टेकीत का होईना पण स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकणारे ते बाबा अखेर स्ट्रेचरवरून घरी गेले.

शय्याव्रण हा काही असाध्य विकार नाही. रुग्ण एकाच स्थितीत पडून राहिला की हाडाच्या उंचवट्यावरील त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि ती मरू लागते. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवणे आणि पोटात पुरेसे अन्न जाईल हे पाहणे, हे त्यावरचे उपाय आहेत. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, माणसाचे हात लागतात. आम्ही नोंदवही उघडून पाहिली तेव्हा ध्यानात आले, की त्या रात्री दोन कक्षांचा भार एकाच सिस्टरवर होता. सलाईन बदलणे, नवे रुग्ण दाखल करून घेणे, फोन उचलणे, औषधांची मागणी लिहिणे, हे सारे तीच करीत होती. दोष तिच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. पण दोष व्यवस्थेचा होता, आणि त्या व्यवस्थेत आम्ही सर्वजणी सामील होतो.

हे काम किती निष्ठेने होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, परंतु सुमारे ४२ वर्षे त्यांनी आपल्या या भगिनीची शुश्रूषा केली. तिच्या अंगावर शय्याव्रण नसल्याची नोंद घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या निकालात त्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. दर दोन तासांनी कूस बदलण्याचे मोल यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

त्या बाबांच्या घटनेनंतर आम्ही काही साधे बदल केले. प्रत्येक परावलंबी रुग्णाच्या खाटेशी कूस बदलण्याचा तक्ता टांगला. पाळी बदलताना टेबलाशी बसून नोंदी सोपविण्याऐवजी दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जाऊ लागल्या. हात धुण्याची सोय कक्षाच्या टोकाला होती, ती रुग्णांच्या जवळ आणली. बिलांची व भांडाराची कामे लिपिकांकडे दिली. यांतील एकाही गोष्टीचे उद्घाटन झाले नाही. तरीही कक्षाचे रूप पालटले.

दरवर्षी १२ मे रोजी ज्यांच्या जयंतीनिमित्त परिचारिका दिन साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिवा सर्वांना ठाऊक आहे. त्या १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावत होते. दिवा फिरत होता तरी त्या हिवाळ्यात मृत्यू थांबले नाहीत. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. युद्धानंतर आकडेवारी अभ्यासून नाइटिंगेलबाईंनी हे सत्य स्वीकारले आणि उर्वरित आयुष्य सार्वजनिक आरोग्याला वाहिले. त्या भारतात कधी आल्या नाहीत, तरी येथील आरोग्यासाठी त्यांनी अनेक दशके लेखणी झिजविली. रुग्णाच्या उशाशी केलेली सेवा आणि गावातील गटार ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे.

आपल्या देशाने हे फार उशिरा ओळखले. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानुसार तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. ही पोकळी भरून काढण्याचा मार्ग महाराष्ट्रातील खेड्यांनी दाखविला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील आरोग्यदूतांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि उपचार करणे शिकविले. तेथे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००५ पासून 'आशा' कार्यकर्त्या आल्या आणि २०११ पासून त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे पाहू लागल्या. नमुना नोंदणी पाहणीनुसार देशातील अर्भकमृत्युदर २००५ साली हजार जन्मांमागे ५८ होता, तो २०२० साली २८ वर आला. या घसरणीची कारणे अनेक आहेत, परंतु दारात जाऊन बाळाला हाती घेणाऱ्या स्त्रीचा वाटा त्यांत मोठा आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनो, हे काम आपलेही आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी रुग्णांच्या आप्तांकरवी पाजविले आणि हजारो प्राण वाचविले. त्याच विश्वासाने आता आम्ही घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या एका नातेवाइकास कूस बदलणे, जखम स्वच्छ ठेवणे, हात धुणे आणि धोक्याच्या खुणा ओळखणे शिकवून मगच निरोप देतो. भेटीच्या वेळी खाटेभोवती गर्दी करू नका, ही आमची विनंती आपल्याला कठोर वाटते. तिच्यामागे आपल्याच माणसाची काळजी असते.

देणगीदारांनो, शेवटी आम्ही आपल्याकडे वळतो. युरोपातील नऊ देशांत झालेल्या आणि २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की परिचारिकेवर एका जादा रुग्णाचा भार पडला की शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्यापासून महिनाभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्या कक्षांत एकीवर किती जादा रुग्णांचा भार पडतो, हे आपण रात्री कधी येऊन पाहावे. आम्ही ज्यांना घडवितो, त्या मुली दोन-तीन वर्षांत आखातात किंवा मोठ्या शहरांत निघून जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याही घरी म्हातारे आईवडील आणि शिकणारी भावंडे असतात.

इमारतीवर कोनशिला बसविता येते, यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. रात्रपाळीच्या सिस्टरच्या पगारावर कोणाचेच नाव कोरता येत नाही. म्हणूनच त्यासाठी देणगी मागणे अवघड जाते आणि म्हणूनच आज आम्ही ती मागत आहोत. विश्वस्त मंडळाने परिचर्येसाठी कायम निधी उभारावा. त्याच्या व्याजातून प्रत्येक कक्षात रात्री दुसरी सिस्टर असावी आणि परिचारिकांना राहण्यास सुरक्षित जागा मिळावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.

त्या मुलाने विचारलेला प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. यापुढे कोणत्याही मुलाला तो विचारावा लागू नये, यासाठी आम्ही आमचे हात देत आहोत. त्या हातांना जोड मिळावी, ही आपणा सर्वांना नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.