शास्त्रज्ञांची वाणी आणि वेतनकरार

कामगार संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचे फाटक उभे राहते. बोनस, महागाईभत्ता, रात्रपाळीचा तंटा, फार तर एखादा मोर्चा. सरकारी प्रयोगशाळेत पांढरा डगला घालून सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या विद्वानाला संघटनेची काय गरज, आणि संघटनेने त्याच्याकरिता मागावे तरी काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. कॅनडातील एका संघटनेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले त्याविषयी आज बोलावयाचे आहे. तिने पगाराबरोबरच बोलण्याचा अधिकार मागितला. आणि तो पदरात पडून तीन वर्षे होतात न होतात तोच महासाथ आली.

परंतु कॅनडाला जाण्यापूर्वी क्षणभर परळला थांबू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास पाचारण केले. त्यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, म्हणजे चूक प्रयोगशाळेची नसून त्या खेड्यातील होती, हे सिद्ध व्हावयास वर्षे लागली. शेवटी जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे त्यांच्यावरील किटाळ दूर झाले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले हे खरे. पण मधल्या पाच वर्षांत सरकारी नोकरीतील हा थोर पुरुष एकाकीच होता. त्याच्या बाजूने उभे राहणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते.

कॅनडात ते काम नेमून घेतलेली संस्था म्हणजे 'प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ऑफ द पब्लिक सर्व्हिस ऑफ कॅनडा'. ती १९२० साली ओटावा येथे निघाली. प्रारंभी तिचे स्वरूप एखाद्या विद्वत्सभेसारखे होते. १९६७ साली तेथील सरकारी नोकरांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला आणि ती खरीखुरी कामगार संघटना झाली. महासाथीच्या सुमारास तिचे सभासद साठ हजारांच्या घरात होते.

या संघटनेला वाणीचा प्रश्न हाती का घ्यावा लागला, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. २००६ ते २०१५ या काळात स्टीफन हार्पर यांच्या सरकारने शास्त्रज्ञ आणि वृत्तपत्रे यांच्यामध्ये परवानगीची भिंत उभी केली. क्रिस्टी मिलर या मत्स्यशास्त्रज्ञ बाईंचा सामन माशांवरील निबंध जानेवारी २०११ मध्ये 'सायन्स' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आला. परंतु त्याविषयी वार्ताहरांशी बोलण्यास त्यांना मनाई झाली. निबंध सर्व जगाने वाचावा, मात्र लेखिकेने तोंड उघडू नये, असा हा अजब न्याय! जुलै २०१२ मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी ओटावा येथे पार्लमेंटसमोर 'पुराव्याची' प्रेतयात्रा काढली. पुढच्या वर्षी संघटनेने पाहणी केली. चार हजारांहून अधिक सरकारी शास्त्रज्ञांनी उत्तरे दिली. त्यांपैकी नव्वद टक्क्यांना वृत्तपत्रांशी मोकळेपणाने बोलता येत नाही असे वाटत होते. हा आकडा पुष्कळ गाजला. मला मात्र त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक गंभीर वाटतो. शास्त्राशी संबंध नसलेल्या कारणांसाठी माहिती गाळण्यास वा बदलण्यास आपणांस प्रत्यक्ष सांगण्यात आले, असे चोवीस टक्क्यांनी कळविले होते. मौन एकवेळ समजून घेता येईल; बदललेला कागद मात्र खराच म्हणून पुढे जातो, आणि त्यावर विसंबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा संघटनेने ही मागणी थेट वेतनकराराच्या मेजावर मांडली. २०१५ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि नोव्हेंबरात नव्या मंत्र्यांनी बंधने उठविल्याचे जाहीर केले. येथे कोणीही समाधान मानून घरी गेले असते. संघटना गेली नाही, आणि यातच तिचे शहाणपण आहे असे मी मानतो. मंत्र्याने दिलेली मोकळीक पुढच्या मंत्र्याला काढून घेता येते. करारात लिहिलेले कलम एकट्याच्या मर्जीने पुसता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तडजोड झाली. सरकारी सेवेची आचारसंहिता सांभाळून, अधिकृत प्रवक्ता नसतानाही, शास्त्रज्ञाने आपल्या संशोधनाविषयी बोलावे हा हक्क करारात आला.

तथापि २०१७ साली संघटनेने पुन्हा विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञ अजूनही धजत नव्हते. आम्हा शाळामास्तरांना याचे आश्चर्य वाटू नये. वर्षानुवर्षे छडीच्या धाकात गप्प बसविलेला वर्ग, छडी कपाटात ठेवल्याच्या दिवशीच प्रश्न विचारू लागत नाही.

आणि मग २०२० चा जानेवारी उजाडला. टोरांटोतील पहिल्या रुग्णाचे निदान विनिपेग येथील राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेने पक्के केले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, कागदपत्रांची छाननी करून, आरोग्य खात्याने पहिल्या लशीला मान्यता दिली. या खात्यांतून संघटनेचे सभासद काम करीत होते. एप्रिलमध्ये मुख्य आरोग्याधिकारी थेरेसा टॅम यांनी मुखपट्टीविषयीचा आधीचा सल्ला बदलला. अशा वेळी लोकांना वाटते की आपणांस फसविले. वास्तविक पुरावा बदलला म्हणजे सल्ला बदलतो. पण हे समजावून सांगावयास ज्याला त्या पुराव्याची नाडी कळते असा माणूसच पुढे यावा लागतो, आणि त्याच्या नोकरीला धोका नसावा लागतो. करारातील त्या कलमाची खरी किंमत येथे होती.

श्रोतेहो, गोष्ट येथेच संपती तर बरे झाले असते. कॅनडापाशी १९९० नंतरच्या दशकापासून एक यंत्रणा होती. जगभरची वृत्तपत्रे चाळून कोठे अनाकलनीय रोग दिसतो का, याचा ती शोध घेई आणि देशोदेशी इशारे धाडी. २००२ साली चीनमधील सार्स रोगाचा सुगावा तिला फार लवकर लागला होता. पण मे २०१९ नंतर तिचे इशारे बंद पडले. 'ग्लोब अँड मेल' या पत्राने जुलै २०२० मध्ये ही हकीकत उजेडात आणली. मार्च २०२१ मध्ये महालेखापरीक्षकांनीही ठपका ठेवला. इशारा देण्यास वरिष्ठांची संमती लागेल असा नियम मध्यंतरी आला होता. ३१ डिसेंबर २०१९ च्या दैनंदिन टिपणात वूहानची बातमी होती. इशारा मात्र गेला नाही.

ध्यानात घ्यावयाचे ते हे, की त्या वेळी वाणीस्वातंत्र्याचे कलम अमलात होते आणि कोणाचे तोंड बांधल्याची कोणती आज्ञाही निघाली नव्हती. केवळ एका सहीची पायरी वाढली होती. कलमाने शास्त्रज्ञाला स्वतःच्या संशोधनाविषयी बोलण्याचा हक्क दिला. कचेरीची घंटा वाजविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, याविषयी ते काहीच बोलत नव्हते. ही उणीव संघटनेच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. वेतनकराराने कारभाराची प्रत्येक पायरी राखावी अशी अपेक्षा कोण करील? पण ती पायरी राखण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला उत्तर राहत नाही, हेही खरे.

ऑगस्ट २०२० मध्ये ते इशारे पुन्हा सुरू झाले. तोवर कॅनडात सुमारे नऊ हजार माणसे या साथीने मृत्युमुखी पडली होती.