काळी माती आणि कृत्रिम त्वचा

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने ज्या माळव्यात होती, तेथील काळ्या जमिनीचा स्वभाव श्रोत्यांना परिचित असेल. आषाढात ती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातील चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात व पाणी त्यांच्यामध्ये शिरते. याच कुळातील एका मातीने कृत्रिम त्वचेच्या कामी मोठे साहाय्य केले आहे.

या त्वचेचा मूळ पदार्थ हायड्रोजेल. लांबच लांब रेणूंचे जाळे व त्यात अडकलेले पाणी, एवढेच त्याचे स्वरूप. भिजलेल्या सब्जाभोवतीचा बुळबुळीत थर हा त्याचाच नमुना होय. प्राग येथील ओटो विख्तरले यांनी १९६१ साली मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जुळवून यंत्र केले आणि अशा पदार्थाची डोळ्यात बसवावयाची मऊ भिंगे घरीच घडविली. परंतु असले पदार्थ ताणताच फाटत. २००२ साली जपानमध्ये काझुतोशी हारागुची यांनी रेणूंना रासायनिक गाठी मारण्याऐवजी हेक्टोराइट नावाच्या मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांना बांधले. तो जेल दहापट ताणला तरी तुटेना! पुढे २०१२ साली हार्वर्डमध्ये समुद्रशेवाळातील अल्जिनेट मिसळून वीसपट ताण साधला. तेथील कच्चे बंध आधी सुटतात, ताण सर्वत्र वाटला जातो आणि बळकट जाळे शाबूत राहते.

जेलमधील पाण्यात मीठ विरघळविले की त्यातून वीज वाहते. पट्टी ताणली की ती लांब व बारीक होते आणि विजेला अडथळा वाढतो. मनगटावर बसविली तर नाडीच्या ठोक्याने एवढासा ताण पडतो, तोही यंत्रावर उमटतो.

वीसपट ताणाचे कौतुक पुष्कळ होते. मला मात्र त्याहून टिकाऊपणाचा प्रश्न मोठा वाटतो. माणसाची कातडी वीसपट कधी ताणली जाते? हृदयाचा आलेख काढताना छातीला लावतात त्या चकत्यांतही बहुधा जेलच असतो, आणि तो वाळला की आलेख बिघडतो. वैशाखात पारा चाळीस अंशांवर गेला असता, धारच्या शेतात राबणाऱ्या हृदयरोग्याच्या मनगटावरील पट्टी संध्याकाळपर्यंत ओली राहिली पाहिजे. त्यासाठी ग्लिसरीन किंवा हवेतील ओलावा ओढणारे लिथियम क्लोराइड मिसळतात, अथवा वरून रबराचे आवरण देतात. आवरणाने पाणी राहते खरे, पण खालचा घामही कोंडतो आणि कातडी हुळहुळते. संशोधकांची खटपट सध्या येथे चालू आहे.